तारका आणि माझा गुणाकार

परवा गंमतच झाली. सध्या नातवाच्या मदतीने 'सी' भाषा शिकतो आहे. गुणाकाराचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि लिनक्सवर त्याला ६ * ७ असे दिले. ४२ काही आले नाही. तपासले, तर तारकेच्या जागी फोल्डरमधल्या साऱ्या फायलींची नावे! दोन दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो.

मूळ सापडले १९७१ सालात. बेल लॅब्जच्या पहिल्या युनिक्समध्ये तारकेच्या जागी फायलींची नावे भरायला 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्राम होता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल ते काम स्वतःच करू लागला. रीत मात्र तीच. आपला प्रोग्राम सुरू होण्याआधीच नावे भरलेली. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामला तेच काम पुन्हा करावे लागत नाही.

१९८१ च्या एमएस-डॉसने उलट केले. तारका तशीच पुढे दिली. अर्थ प्रोग्रामने लावायचा. म्हणून विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूमध्ये ते काम सीच्या लायब्ररीत, 'मेन'च्या आधी होते. तिथेही नवखा माणूस फसतोच.

लिनक्सवर उपाय सोपा: तारका अवतरणचिन्हांत ठेवायची.

तीस वर्षे शिकवले. उत्तर चुकले की मुलाला उभे करायचो. प्रश्न त्याच्यापर्यंत कसा पोचला, हे क्वचितच विचारले. असो. आता विचारतो.