मनिलाचा करार आणि आशियाचें संरक्षण

आशियांतील राष्ट्रांनीं एकत्र येऊन संरक्षणाचा समाईक संघ उभारावा, अशी सूचना वारंवार पुढें येते. युरोपांत ‘नाटो’ १९४९ पासून टिकून आहे. मग आशियांत तसें कां होऊं नये, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु ह्याचें उत्तर कल्पनेनें शोधावयास नको. तो प्रयोग एकदां होऊन गेला आहे.

८ सप्टेंबर १९५४ रोजीं मनिला येथें आठ राष्ट्रांनीं आग्नेय आशियाच्या सामुदायिक संरक्षणाचा करार केला. त्यांतून निघालेली संघटना ती ‘सीटो’. तिचें मुख्य कार्यालय बँकॉक येथें होतें. पण सह्या कोणाच्या? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पाकिस्तान, फिलिपाइन्स आणि थायलंड. ज्या प्रदेशाचें रक्षण करावयाचें, त्यांतील राष्ट्रें अवघीं दोन! मांडवांत पाहुणे पुष्कळ आणि घरचीं माणसें मात्र दोनच, असा हा प्रकार होता. भारत, ब्रह्मदेश व इंडोनेशिया हे देश तर बाहेरच राहिले.

तथापि संघ दुबळा राहिला, त्याचें खरें कारण सभासदांच्या संख्येंत नव्हतें. सर्वांचें भय एक नव्हतें, हें तें कारण होय. अमेरिकेस धास्ती साम्यवादाची, तर पाकिस्तानची दृष्टि भारताकडे. आपलें बंधन साम्यवादी आक्रमणापुरतेंच आहे, असें अमेरिकेनें करारांतच नमूद करून ठेविलें होतें. त्यामुळें १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सीटो पाकिस्तानच्या मदतीस धांवली नाहीं, आणि पुढें तें राष्ट्र संघांतून बाहेर पडलें. ३० जून १९७७ रोजीं संघटनाच विसर्जित झाली.

आज परिस्थिति पालटली आहे काय? दक्षिण चिनी समुद्रांत चीनशीं तंटा असलेलीं राष्ट्रें अनेक आहेत; परंतु त्यांचा मोठा व्यापारहि चीनशींच आहे. जपान व दक्षिण कोरिया ह्या दोघांचेहि अमेरिकेशीं संरक्षणाचे करार आहेत. एकमेकांशीं मात्र तसा करार नाहीं. जुन्या राजवटीच्या जखमा तेथें अद्यापि बुजलेल्या नाहींत.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, ‘संघ केव्हां होणार?’ हा प्रश्नच अकालीं आहे. शेजाऱ्यावरील संकट तें आपलेंच, असें ज्या दिवशीं ह्या राष्ट्रांस मनापासून वाटेल, त्या दिवशीं करार लिहिणें अवघड जाणार नाहीं. तोंवर कागदावरील सह्यांच्या भरंवशावर कोणत्याहि राष्ट्रानें आपली सरहद्द मोकळी टाकूं नये.