लंडन कॉलिंग

‘द क्लॅश’ या इंग्लिश पंक रॉक बँडचा तिसरा अल्बम. जो स्ट्रमर व मिक जोन्स (गायन, गिटार), पॉल सिमनन (बास) आणि टॉपर हेडन (ड्रम) यांनी लंडनच्या पिम्लिको भागात कसून तालमी केल्या आणि १९७९ मध्ये वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. निर्माता गाय स्टीव्हन्स वादकांना चेतवण्यासाठी खुर्च्या भिरकावी. अभियंता बिल प्राइस शांतपणे ध्वनिमुद्रण सांभाळी. या अल्बमची जिवंत धग बरीचशी या जोडीची देणगी आहे. रेगे, स्का, रॉकबिली, जॅझ असे सारे सामावून घेत बँडने पंकची चौकट रुंदावली.

दोन तबकड्या, १९ गाणी, पण किंमत एकाच तबकडीची : चाहत्यांच्या खिशाचा विचार करून बँडने हा आग्रह धरला. ‘ट्रेन इन व्हेन’ हे गाणे इतके उशिरा आले की छापून झालेल्या वेष्टनावर त्याचे नावच नव्हते. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कमधील कार्यक्रमात बास गिटार आपटणारा सिमनन आहे. छायाचित्रकार पेनी स्मिथ यांना हे काहीसे धूसर छायाचित्र नको होते. अक्षररचना एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरून घेतलेली. सीबीएसने १४ डिसेंबर १९७९ रोजी अल्बम ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. अमेरिकेत तो जानेवारी १९८० मध्ये आला.