मणी कौल आणि ‘उसकी रोटी’

* ‘वाळूजच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट पाहताना तो काळा-पांढरा सिनेमा आठवतो’ असे ही टीप ज्या लेखावर आहे त्याचे लेखक म्हणतात. तो सिनेमा म्हणजे मणी कौल (१९४४–२०११) यांचा ‘उसकी रोटी’ (१९६९). कौल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, ऋत्विक घटकांच्या तालमीत तयार झालेले. मोहन राकेश यांच्या कथेवरचा हा त्यांचा पहिला चित्रपट. पंजाबातली बालो बसड्रायव्हर नवऱ्याची भाकर घेऊन फाट्यावर उभी राहते. एके दिवशी तिला उशीर होतो आणि तो रागावून निघून जातो. कथा म्हणून एवढेच. उरते ती वाट पाहणे. के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्याने रिकामा रस्ता, भिंत, हात इतका वेळ धरून ठेवले आहेत की बघणाऱ्यालाही तिच्याबरोबर ताटकळावे लागते. हा संथपणा कंटाळवाणा ठरवून अनेकांनी चित्रपट झिडकारला. तो अन्याय होता असे आम्हांला ठामपणे वाटते. शिफ्टच्या वेळेवर घर चालवणाऱ्या वाळूजच्या वाचकाला बालोचा दिवस समजावून सांगावा लागणार नाही.

मराठी वाचकांसाठी आणखी एक दुवा: तेंडुलकरांच्या नाटकावरच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) या चित्रपटाच्या सामूहिक दिग्दर्शनात के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांच्यासोबत कौलही होते. — संपा.