सर्व्हरनिर्मित स्प्रेडशीट

सर्व्हरनिर्मित स्प्रेडशीट म्हणजे सर्व्हरवरील आज्ञावलीने डेटाबेसमधील नोंदींपासून मागणीच्या क्षणी तयार करून ब्राउझरकडे पाठवलेली तक्त्याची संचिका होय. बँकेचा खातेउतारा, परीक्षेचा निकाल किंवा करदात्यांची यादी संकेतस्थळावरून एक्सेल स्वरूपात उतरवून घेताना ही पद्धत वापरली जाते. ब्राउझर संचिका केवळ उतरवून घेतो. ती उघडण्याचे काम वापरकर्त्याच्या संगणकावरील स्प्रेडशीट आज्ञावली करते. संचिकेचा प्रकार, नाव आणि अक्षरांची संकेतप्रणाली सर्व्हरने स्पष्ट न कळवल्यास पुढील आज्ञावली अंदाज बांधते. अशा अंदाजातून मूळ माहिती नकळत बदलू शकते.

कार्यपद्धती

एचटीटीपी प्रतिसादाच्या प्रारंभी सर्व्हर काही शीर्षके पाठवतो. 'कंटेंट-टाइप' या शीर्षकातून संचिकेचा प्रकार कळतो. 'कंटेंट-डिस्पोझिशन' या शीर्षकात 'अटॅचमेंट' असे मूल्य दिल्यास ब्राउझर संचिका पानावर न दाखवता उतरवून घेतो. संचिकेचे नावही याच शीर्षकात असते. त्यानंतर प्रत्यक्ष संचिकेतील बाइट पाठवले जातात. संचिका तयार करण्यासाठी जावा भाषेत अपाचे पीओआय, पायथनमध्ये ओपनपायएक्सएल आणि पीएचपीमध्ये पीएचपीस्प्रेडशीट ही ग्रंथालये वापरली जातात.

संचिकांचे प्रकार

सीएसव्ही हा स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारा साधा मजकूर असतो. त्याचे सर्वसाधारण स्वरूप २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदवले गेले. जुन्या एक्सएलएस प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. एक्सेल २००७ सोबत आलेल्या एक्सएलएसएक्स प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. एक्सएलएसएक्स ही प्रत्यक्षात एक्सएमएल संचिकांची झिप पद्धतीने बांधलेली जुडी असते. काही आज्ञावल्या एचटीएमएल तक्त्यालाच एक्सएलएस हे नाव देऊन पाठवतात. अशी संचिका उघडताना एक्सेल नाव आणि स्वरूप जुळत नसल्याचा इशारा देते.

देवनागरी मजकूर

यूटीएफ-८ संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सीएसव्ही संचिकेत संकेतप्रणालीची नोंद नसते. त्यामुळे विंडोजवरील एक्सेलमध्ये ती थेट उघडल्यास मराठी मजकुराऐवजी निरर्थक लॅटिन चिन्हे दिसू शकतात. संचिकेच्या आरंभी तीन बाइटांची क्रमदर्शक खूण ठेवल्यास एक्सेल यूटीएफ-८ ओळखते. मात्र काही आज्ञावल्या ही खूण पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग समजतात. एक्सएलएसएक्समध्ये संकेतप्रणाली ठरलेली असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

संचिकेच्या नावालाही हाच विचार लागू होतो. उदाहरणार्थ, कणकवली तालुक्यातील तळेरे या गावाची यादी 'तळेरे' याच नावाने पाठवायची असल्यास त्यातील पाच चिन्हांचे १५ बाइट होतात आणि टक्केचिन्ह पद्धतीने लिहिल्यावर ४५ अक्षरे होतात. अशा नावांसाठीची तरतूद २०११ च्या आरएफसी ६२६६ मध्ये आहे. जुन्या ब्राउझरांसाठी रोमन लिपीतील पर्यायी नावही सोबत देतात.

मूल्यांचे आपोआप रूपांतर

सीएसव्हीमध्ये मजकूर, संख्या आणि दिनांक असा भेद नोंदवलेला नसतो. कणकवलीचा ०२३६७ हा दूरध्वनी संकेतांक इंग्रजी अंकांत असल्यास एक्सेल त्यातील आरंभीचे शून्य गाळते. जमिनीचा १२/३ असा सर्व्हे व हिस्सा क्रमांक दिनांकात बदलतो. एक्सेल संख्येतील १५ अंकच अचूक ठेवत असल्याने १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. अशी बदललेली संचिका जतन केल्यास मूळ मूल्य तिच्यातून परत मिळत नाही. एक्सएलएसएक्स तयार करताना असे रकाने 'मजकूर' म्हणून नोंदवल्यास मूल्ये जशीच्या तशी राहतात.

मोठ्या आणि अपूर्ण संचिका

हजारो ओळी एकाच वेळी स्मृतीत ठेवल्यास सर्व्हरवर ताण येतो. त्यामुळे नोंदी टप्प्याटप्प्याने वाचून लिहिल्या जातात. अपाचे पीओआयच्या एसएक्सएसएसएफ या भागात मर्यादित ओळीच स्मृतीत राहतात आणि उरलेल्या तात्पुरत्या संचिकेत जातात. पाठवणे सुरू झाल्यावर बिघाड झाला, तर आधी दिलेला यशाचा संकेत मागे घेता येत नाही. झिप जुडीची सूची शेवटी असल्याने तुटलेली एक्सएलएसएक्स संचिका सहसा उघडताच सदोष ठरते. तुटलेली सीएसव्ही मात्र कमी ओळींसह बिनतक्रार उघडते. एकूण नोंदींची संख्या वेगळी कळवल्यास वापरकर्त्याला पडताळणी करता येते.

ओळी गळाल्याचे परिणाम गंभीर असू शकतात. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून वगळल्या गेल्या आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. प्रयोगशाळांकडील माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारात भरताना ओळींची मर्यादा ओलांडली गेल्याचे वृत्त होते.

सुरक्षितता

वापरकर्त्याने भरलेला मजकूर '=', '+', '-' किंवा '@' या चिन्हाने सुरू होत असल्यास स्प्रेडशीट आज्ञावली त्याला सूत्र समजू शकते. या मार्गाने घातक सूत्र दुसऱ्याच्या संगणकावर पोहोचू शकते. म्हणून असा मजकूर निष्प्रभ करून पाठवणे आवश्यक असते. तसेच संचिकेची प्रत्येक मागणी आल्यावर मागणाऱ्याचा अधिकार सर्व्हरने तपासावा लागतो. दुवा पानावरून लपवणे पुरेसे नसते.