जयपूरच्या काचा आणि घरच्या तसबिरी

जयपूर हे नाव कानी पडले की मराठी माणसाला बहुधा दोन गोष्टी आठवतात. एक, अठराव्या शतकातील मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्या. दुसरी, जयपूर घराण्याची गायकी. पहिली आठवण उभयपक्षी कडू आहे. चौथाई-खंडणीच्या तगाद्याने ते राज्य जेरीस आले होते, आणि लालसोटजवळ तुंग्याच्या रणभूमीवरून १७८७ साली महादजी शिंद्यांनाही माघार घ्यावी लागली. दुसरी आठवण मात्र गोड आहे. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारी आले, आणि पुढे केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून जयपूरचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. याच शहरात तिसराही एक ठेवा आहे. तो मराठी वाचकाच्या फारसा परिचयाचा नाही. परंतु ज्याच्या घरी जुन्या तसबिरींची एखादी पेटी आहे, अशा प्रत्येकाने त्याची हकीकत जाणून घ्यावी अशी आहे.

महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांचा जन्म १८३३ चा. वयाची दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८३५ साली, ते गादीवर आले आणि १८८० साली निवर्तले. रामनिवास बाग त्यांच्याच कारकीर्दीतील, आणि युवराजांच्या भेटीच्या निमित्ताने १८७६ साली शहराला आजचा गुलाबी रंग चढला तोही त्यांच्याच काळात. परंतु या राज्यकर्त्याचा खरा छंद होता छायाचित्रणाचा. हौस म्हणून छायाचित्रकार पदरी ठेवणारे संस्थानिक पुष्कळ झाले. रामसिंह स्वतः कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरत. टी. मरे नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराला त्यांनी जयपुरास आणले, कलकत्त्याच्या बेंगॉल फोटोग्राफिक सोसायटीचे ते सभासद झाले आणि राजवाड्यातच त्यांनी तसवीरखाना उभा केला.

आज बोटाच्या स्पर्शासरशी चित्र निघते. त्यामुळे त्या काळच्या खटाटोपाची कल्पना येणे कठीण. काचेच्या स्वच्छ पट्टीवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, अंधाऱ्या खोलीत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. थर वाळला की सारे फुकट. म्हणजे चित्र घेणे आणि ते काचेवर प्रकट करणे, ही दोन्ही कामे काही मिनिटांच्या आत उरकायची. तीही राजस्थानच्या उन्हाळ्यात. समोरच्या व्यक्तीने तेवढे काही सेकंद निश्चल बसायचे. पुढे अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग चोपडलेल्या कागदावर ती काच ठेवून सूर्यप्रकाशात छाप उमटवायचा. काच जेवढी, तेवढेच चित्र. अशा सुमारे दोन हजार काचपट्ट्या जयपूरच्या राजसंग्रहात आहेत.

त्यांत इमारती आहेत, दरबारी मंडळी आहेत, पाहुणे आहेत. स्वतः महाराजही आहेत; एका चित्रात तर ते शिवभक्ताच्या वेषात पूजेच्या उपकरणांसह बसले आहेत. परंतु या साऱ्यांहून विलक्षण आहेत ती जनान्यातील स्त्रियांची चित्रे. जिथे परपुरुषाची दृष्टी पोचत नसे, तिथे कॅमेरा नेण्याचा अधिकार एकट्या महाराजांचाच होता. मागे रंगविलेला पडदा, खाली गालिचा, बसायला खुर्ची, आणि खुर्चीत सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारी एक स्त्री. जयपूरच्या चितेऱ्यांनी राजस्त्रिया पूर्वीही रंगविल्या होत्या. परंतु प्रत्यक्ष मुख पाहण्याची मुभा नसल्याने त्या साऱ्या एकाच साच्याच्या, मीनाक्षी आणि शुकनासिका. काचेने मात्र प्रत्येकीला तिचा स्वतःचा चेहरा दिला. कोणी प्रौढ, कोणी अल्लड; कोणी धीट, कोणी अवघडलेली.

चेहरा दिला, पण नाव दिले नाही. या स्त्रियांपैकी बहुसंख्य महाराण्या नसून पडदायत, पासवान आणि जनान्यातील सेविका असाव्यात, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्यांतील कितीजणी कोण होत्या, कुठून आल्या, त्यांचे पुढे काय झाले, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. एके काळी त्या राजवाड्यातील प्रत्येक दासी एकेका चित्रावर बोट ठेवून नाव सांगू शकली असती. लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण सर्वांना सर्व ठाऊक होते. जे सर्वांना ठाऊक असते तेच बहुधा प्रथम नष्ट होते. कारण ते कोणीच लिहीत नाही.

ही गोष्ट राजवाड्यापुरतीच खरी असती तर इतका विस्तार करण्याचे प्रयोजन नव्हते. मराठी समाजात ही कला काही उशिरा आली नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या क्षेत्रातील आरंभीची मराठी नावे. पुढे पन्नास-साठ वर्षांत मध्यमवर्गीय घरांतही तसबिरी आल्या. त्यांचा थाट आपल्या परिचयाचा आहे: मध्ये खुर्चीवर पगडी-उपरण्यातले गृहस्थ, हातात काठी, बाजूच्या तिपाईवर फुलदाणी किंवा जाड पुस्तक, शेजारी नऊवारीतली, नथ घातलेली पत्नी, पायाशी जरीच्या टोप्या घातलेली मुले. मागे तोच रंगविलेला पडदा. आणि पुठ्ठ्यावर गृहस्थांचे संपूर्ण नाव हुद्द्यासह. पुढे एकच शब्द, ‘सहकुटुंब’.

त्या एका शब्दात किती माणसे बुडाली! आपल्याकडे ‘कुटुंब’ म्हणजे बायकोही आणि सारा परिवारही. त्यातून लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. माहेरची दुर्गा सासरी आली की लक्ष्मी व्हायची. मुलांनी ‘आई’ म्हणावे, दिरांनी ‘वहिनी’, नातवंडांनी ‘आजी’. तीन पिढ्यांनंतर नातवंडांच्या मुलांना विचारावे, तर दोहोंपैकी एकही नाव त्यांना सांगता येत नाही. आणि जिला तसबिरीत बसविलेच नाही, ती केशवपन केलेली, आलवणातली आत्या? सगळे फोटोला बसले तेव्हा कोणीतरी आत चुलीपाशी होतेच. तिची आठवण तर केवळ सांगणाऱ्याच्या जिभेवर असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी हा प्रश्न अधिक बिकट आहे. पणजोबांनी तसबिरीमागे चार ओळी लिहिल्या असल्या, तरी त्या पुष्कळदा मोडीत. आणि मोडी वाचणारा आता गावात शोधावा लागतो. बाळबोधीत लिहिले असले तर परप्रांतात वाढलेली मुले ती अक्षरे हिंदीच्या बळावर वाचतात. पण ‘जाऊ’, ‘नणंद’, ‘मावससासू’ या नात्यांचा उलगडा त्यांना होत नाही. नात्याचा शब्द गेला की तसबिरीतल्या दोन माणसांमधला धागाही तुटतो. मग उरतात शेजारी शेजारी उभी असलेली दोन अनोळखी माणसे. जुनी तसबीर पाहून आठवणी जाग्या होतात असे आपण म्हणतो. वस्तुतः आठवण तसबिरीत नसते, ती पाहणाऱ्यात असते. पाहणारा गेला की तसबीर मुकी होते.

यावर उपाय साधा आहे, आणि त्याला राजाचे ऐश्वर्य लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ एखाद्या दुपारी पेटी घेऊन बसावे. प्रत्येक चित्रामागे कडेला मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहावे. शाईने नव्हे, कारण ती कागदातून पुढे उतरते. कोण, कोणाचे कोण, गाव कोणते, साल अंदाजे कोणते. स्त्रियांची दोन्ही नावे लिहावीत. चित्रात नसलेल्यांचीही लिहावीत. ओलीपासून आणि उन्हापासून तसबिरी जपाव्यात हे तर खरेच. तथापि वाळवीने खाल्लेल्या तसबिरींपेक्षा विस्मृतीने खाल्लेल्या अधिक असतील.

जयपूरच्या त्या स्त्रिया दीडशे वर्षे आपल्याकडे टक लावून पाहत आहेत, आणि त्यांना हाक मारायला आपल्यापाशी नाव नाही. आपल्या घरच्या पेटीतील चेहऱ्यांची नावे सांगणारे एखादे माणूस अजून माजघरात बसलेले आहे. त्याला ऐकू कमी येत असेल, तर जरा जवळ बसून मोठ्याने विचारावे.