त्वरणित इलेक्ट्रॉनांचा वेग

निर्वात नळीतील विद्युत क्षेत्राने गतिमान केलेल्या इलेक्ट्रॉनाचा वेग ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावरून काढता येतो. ऋणाग्राकडून धनाग्राकडे जाताना इलेक्ट्रॉन जितकी स्थितिज ऊर्जा गमावतो, तितकीच गतिज ऊर्जा मिळवतो. आरंभी तो जवळजवळ स्थिर होता असे धरल्यास पुढील समीकरण मिळते :

प्रभार × विभवांतर = ½ × वस्तुमान × वेग²

यात दोन अग्रांमधील अंतर कोठेही येत नाही. क्षेत्र एकसमान आहे की नाही, हेही पाहावे लागत नाही. बलावरून त्वरण व त्वरणावरून वेग काढण्यापेक्षा ही रीत सोपी ठरते ती यामुळेच. इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराचे मूल्य १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम व वस्तुमान ९.१०९ × १०⁻³¹ किलोग्रॅम घेतल्यास १०० व्होल्ट विभवांतराला सेकंदाला सुमारे ५,९३० किलोमीटर वेग येतो. दुप्पट वेगासाठी चौपट विभवांतर लागते.

सूत्राची मर्यादा

जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या पिक्चर ट्यूबमध्ये विभवांतर २५,००० व्होल्टच्या आसपास असे. तेथे या सूत्राने वेग सेकंदाला सुमारे ९३,८०० किलोमीटर येतो. प्रत्यक्षात तो ९०,५०० च्या जवळपास असतो. विभवांतर सुमारे २,५५,५०० व्होल्ट झाले की सूत्रानुसार इलेक्ट्रॉन प्रकाशाला गाठतो आणि त्यापुढे त्याला मागे टाकतो, जे अशक्य आहे. दोष अक्षय्यतेच्या नियमाचा नसून गतिज ऊर्जेच्या सूत्राचा आहे. सापेक्षता सिद्धांतानुसार ते असे लिहितात :

गतिज ऊर्जा = (गॅमा − १) × वस्तुमान × प्रकाशवेग²

येथे गॅमा = १ ÷ √(१ − वेग² ÷ प्रकाशवेग²). वेग लहान असताना हेच सूत्र जुन्या सूत्राशी जुळते.

बर्टोझी यांचा प्रयोग

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील विल्यम बर्टोझी यांनी हा फरक थेट मोजला व १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८.४ मीटर अंतर कापण्यास इलेक्ट्रॉनांना लागणारा वेळ मोजून त्यांनी वेग काढला. गतिज ऊर्जा ०.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असताना तो सेकंदाला २.६० लक्ष किलोमीटर आढळला, तर ४.५ दशलक्ष असताना २.९६ लक्ष. ऊर्जा नऊपट झाल्यावर जुन्या सूत्राप्रमाणे वेग तिप्पट व्हायला हवा होता. तो जेमतेम १४ टक्के वाढला.

इलेक्ट्रॉनांना ती ऊर्जा खरोखर मिळाली होती काय, ही शंका येथे रास्त ठरते. तिच्या निरसनासाठी बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमच्या चकतीवर आदळू दिले आणि चकतीत निर्माण झालेली उष्णता मोजली. ती प्रभार व विभवांतर यांच्या गुणाकाराशी प्रयोगाच्या अचूकतेच्या मर्यादेत जुळली.