‘लिटरेचर’ : एका शब्दाचा अर्थेतिहास

कोशात एखाद्या शब्दाचे अनेक अर्थ क्रमांक देऊन एकाखाली एक मांडले, की ते परस्परांशेजारी शांतपणे नांदत असल्याचा भास होतो. व्यवहारात मात्र त्या अर्थांत स्पर्धा चाललेली असते आणि कोणता अर्थ ग्राह्य धरायचा, हा प्रश्न पुष्कळदा भाषेबाहेरच्या सत्तेशी जोडलेला असतो. इंग्रजीतील ‘लिटरेचर’ हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. शेक्सपिअरची नाटके लिटरेचर असतात. क्षयरोगावर आजवर झालेले संशोधनपर लेखन हेही ‘त्या विषयावरचे लिटरेचर’ असते. औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून जातो ते माहितीपत्रकही लिटरेचरच. हे तिन्ही उपयोग मराठी माणसाच्या बोलण्यातही आता रुळलेले आहेत. एवढ्या भिन्न वस्तू एकाच शब्दात कशा सामावल्या, हा प्रश्न वरवर शब्दव्युत्पत्तीचा वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात याच शब्दाच्या अर्थावर सरकारी शिक्षणाची दिशा ठरली, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य स्पष्ट होते.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘लिट्टेरा’, म्हणजे अक्षर, यात आहे. त्यापासून बनलेली ‘लिट्टेराटुरा’ ही संज्ञा ग्रीकांच्या ‘ग्रामाटिके’ या शब्दाचे भाषांतर असल्याचे इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन नोंदवतो. अर्थात तिचा आरंभीचा संबंध काव्यनाटकांशी नसून अक्षरविद्येशी होता. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तोही ग्रंथांचे नाव म्हणून नव्हे, तर माणसाचा गुण म्हणून. वाचनाने अंगी बाणलेली विद्वत्ता म्हणजे लिटरेचर. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात हाच अर्थ दिलेला आहे. मिल्टनच्या वडिलांपाशी सामान्यांहून अधिक ‘लिटरेचर’ असावे, असे अनुमान तो मिल्टनच्या चरित्रात करतो तेव्हा त्याला त्यांची व्युत्पन्नता अभिप्रेत असते. मात्र त्याच चरित्रमालेत, १७७९ मध्ये, काउलीविषयी लिहिताना तो या शब्दाने लेखनव्यवसायाचे क्षेत्र सुचवतो. एकाच लेखकाच्या लेखणीत जुना आणि नवा अर्थ असे एकत्र आढळावेत, यावरून तो काळ अर्थसंक्रमणाचा होता हे कळते.

या संक्रमणात माणसाच्या अंगचा गुण हळूहळू माणसाबाहेरची वस्तू बनला. मुद्रणव्यवसायाचा विस्तार, १७१० च्या कायद्याने ग्रंथहक्काला मिळालेली मान्यता, आश्रयदात्यावाचून लेखणीवर जगू पाहणारा लेखक आणि त्याची पुस्तके विकत घेणारा मध्यमवर्ग ही त्याची व्यावहारिक कारणे होत. राष्ट्रवादाच्या उदयाबरोबर प्रत्येक राष्ट्राचे स्वतःचे ‘लिटरेचर’ असते ही कल्पनाही दृढ झाली. दुसरीकडे, पूर्वी सर्जनशील रचनेला व्यापक अर्थाने लावला जाणारा ‘पोएट्री’ हा शब्द पद्यापुरता आकसू लागला. गद्यात लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीला त्यात जागा उरली नाही आणि ती पोकळी ‘लिटरेचर’ने भरून काढली. ज्ञान देणारे लिटरेचर आणि मनाला हलवण्याची शक्ती असलेले लिटरेचर असा भेद डी क्विन्सीने प्रथम १८२३ मध्ये आणि पुढे १८४८ मध्ये केला. शब्दाचा गाभा दुसऱ्या प्रकाराकडे सरकत असल्याची ती स्पष्ट खूण होय. रेमंड विल्यम्स यांनी दाखवल्याप्रमाणे, शब्दाने आपला मूळ अर्थ सोडल्यामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साक्षरतेसाठी ‘लिटरसी’ हा नवा शब्द घडवावा लागला.

हे संक्रमण पूर्ण होण्यापूर्वीच हा शब्द हिंदुस्थानच्या कायद्यात आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्यातील ४३ व्या कलमाने दरसाल किमान एक लाख रुपये तीन कामांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली : ‘लिटरेचर’चे पुनरुज्जीवन व सुधारणा, विद्वान एतद्देशीयांना उत्तेजन आणि विज्ञानांच्या ज्ञानाचा प्रसार. कोणत्या भाषेतील लिटरेचर, हे कायद्यात सांगितलेले नव्हते. १८२३ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक शिक्षण समितीने आरंभी त्याचा अर्थ संस्कृत व अरबी विद्या असा घेतला. पुढे समितीत दोन तट पडले आणि वाद कोलकात्याच्या गव्हर्नर जनरलच्या मंडळापुढे गेला.

२ फेब्रुवारी १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाची चर्चा सामान्यतः त्यातील उद्दाम विधानांमुळे होते. परंतु त्याचा आरंभ एका शब्दाच्या अर्थनिर्णयापासून होतो, ही गोष्ट उपेक्षित राहिली आहे. संसदेने लिटरेचर म्हटले म्हणजे केवळ संस्कृत-अरबी लिटरेचर म्हटले असे मानता येणार नाही, असा त्याचा पहिला युक्तिवाद आहे. मिल्टनचे काव्य, लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे भौतिकशास्त्र जाणणारा एतद्देशीयही ‘विद्वान’ का नव्हे, असे तो विचारतो. न्यूटन येथे बसू शकतो, कारण शब्दाचा जुना, विद्यावाचक अर्थ गृहीत धरलेला आहे. पुढे युरोपीय ग्रंथालयातील एका फळीची तुलना हिंदुस्थान व अरबस्तानच्या समग्र लिटरेचरशी करताना तोच शब्द राष्ट्राच्या ग्रंथसंचयाचे नाव होतो. आणि पौर्वात्य लेखक ज्या शाखेत सर्वांत वरचढ आहेत ती काव्याची, असे सांगून तो काव्याला लिटरेचरचा केवळ एक विभाग ठरवतो. म्हणजे पौर्वात्यांचे श्रेष्ठत्व मान्य करायचे ते अशा विभागात, की जो त्याच्या लेखी निर्णायक नाही. तीन अर्थांमधील हा संचार अजाणता झाला असो वा हेतुतः, प्रत्येक टप्प्यावर सोयीचा अर्थ हाताशी येतो, हे नाकारता येत नाही.

प्रतिपक्षातील एच. टी. प्रिन्सेप यांचा आक्षेपही शब्दार्थावरच आधारलेला होता. जे येथे पूर्वी होते त्याचेच ‘पुनरुज्जीवन’ संभवते. इंग्रजी काव्याचे पुनरुज्जीवन हिंदुस्थानात कसे व्हावे? अर्थनिर्णयाच्या नियमांनी पाहता हा आक्षेप प्रबळ होता. तथापि ७ मार्च १८३५ च्या ठरावात बेंटिंकने ‘युरोपीय’ हे विशेषण लिटरेचरला जोडले आणि संदिग्धता संपवली. कायद्यात नसलेला एक शब्द वाढवल्यावाचून तो अर्थ निश्चित होत नव्हता, हीच मेकॉलेच्या युक्तिवादाच्या दुर्बलतेची कबुली होय.

यानंतर हिंदुस्थानात इंग्रजी लिटरेचर हा शिक्षणाचा मुख्य विषय होत गेला. लंडनच्या नव्या विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापकपद १८२८ मध्येच निर्माण झाले होते. ऑक्सफर्डमध्ये मात्र इंग्रजीची स्वतंत्र पदवीशाखा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आली. या अभ्यासविषयाची घडण इंग्लंडआधी वसाहतीत झाली, असे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’मध्ये प्रतिपादिले आहे.

मराठीने या एका शब्दासाठी ‘सारस्वत’, ‘वाङ्मय’ आणि ‘साहित्य’ हे तीन पर्याय वापरले. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले, पांगारकरांनी ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’. ‘साहित्य’ या शब्दामागे शब्द आणि अर्थ यांच्या सहभावाचा संस्कृत काव्यशास्त्रातील विचार आहे. शिवाय पूजेचे किंवा स्वयंपाकाचे साहित्य असा त्याचा घरगुती उपयोगही आहे. यांत ‘वाङ्मय’ची व्याप्ती विशेष लक्षणीय ठरते. लिटरेचरचे मूळ अक्षरात असल्याने ‘ओरल लिटरेचर’ हा प्रयोग वदतोव्याघात होतो, अशी तक्रार वॉल्टर ऑँग यांनी १९८२ मध्ये केली. वाङ्मयाचे मूळ वाणीत असल्याने जात्यावरच्या ओवीला तेथे प्रवेशासाठी अपवाद करावा लागत नाही.

व्युत्पत्तीने दिलेली ही मोकळीक व्यवहारात मात्र टिकली नाही. १८७८ मध्ये पुण्यात भरले ते ‘ग्रंथकार’ संमेलन. वाणीपेक्षा छापील ग्रंथच तेथे प्रमाण होता. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी अशा सभेपासून दूर राहण्याची कारणे पत्राने कळवली, तेव्हा कोणाचे लेखन आणि कोणासाठी, हाच प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि ‘साहित्य’ या शब्दालाच विशेषण लागले. बेंटिंकचे विशेषण शब्दाची कक्षा आवळणारे होते. हे विशेषण तिच्याबाहेर ठेवलेल्यांनी हक्काने जोडलेले होते.

लिटरेचर म्हणजे ज्या त्या समाजाने मोलाचे मानलेले लेखन, त्याला स्थिर सत्त्व नाही, हा टेरी ईगल्टन यांनी १९८३ मध्ये मांडलेला विचार या इतिहासाशी सुसंगत आहे. पण तेवढ्यावर थांबणे अपुरे ठरेल. अर्थ अस्थिर असतो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. उलट, अस्थिर असतो म्हणूनच तो ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे महत्त्वाचे होते. मराठीच्या अभ्यासक्रमात लोकगीत, आत्मकथन किंवा वैचारिक निबंध यांना किती स्थान द्यावे, यावर अभ्यासमंडळांत होणारा वाद हा त्याच अधिकाराचा वाद आहे. त्यात ‘साहित्य’ या शब्दाचा अर्थ स्वयंस्पष्ट मानणाऱ्या पक्षाकडून तो अर्थ प्रथम मागून घेतला पाहिजे.